रमणा ते येरवडा : पुण्यातील संशोधनाचा पूर्ववृत्तांत

पेशव्यांच्या अमदानीत श्रावणमास लागला की दूरदूरचे वैदिक, शास्त्री आणि याज्ञिक पुण्याची वाट धरीत, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात त्यांस दक्षिणा वाटली जाई. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही वहिवाट पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली, आणि उत्तर पेशवाईत तिचा खर्चवेच लाखांच्या घरात गेला. १८१८ साली राज्य गेले, तेव्हा नव्या सरकारापुढे जे नाजूक प्रश्न उभे राहिले त्यांत हा एक होता; कारण दक्षिणा एकाएकी बंद करावी तर सारा विद्वद्वर्ग दुखावणार, आणि पूर्ववत् चालवावी तर ज्या खर्चाचे प्रयोजन परक्या सरकारास उमगत नव्हते तो खजिन्यावर कायमचा बसणार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने या पेचातून काढलेली वाट अशी की, त्या द्रव्याचा काही अंश विद्येच्या नव्या व्यवस्थेकडे वळवावा. आणि तदनुसार ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. तिचेच १८५१ साली पूना कॉलेज झाले, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या बाजूस जी दगडी वास्तू उभी राहिली तिच्यात जाऊन ते डेक्कन कॉलेज म्हणून नांदू लागले. मधल्या काळात, लोकहितवादींसारख्या नव्या विचाराच्या मंडळींनी दक्षिणेचा पैसा मराठीत उत्तम ग्रंथ लिहिणारांस मिळावा असा अर्ज केला, शास्त्रीमंडळींनी त्यावर गहजब केला, आणि अखेरीस तो पैसा ग्रंथांच्या पारितोषिकांस व होतकरू पदवीधरांच्या शिष्यवृत्त्यांस लागू झाला. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी ‘दक्षिणा फेलो’ होते.

दानधर्मासाठी काढून ठेवलेला पैसा अभ्यासवृत्तीस लागला, या एका फेरफारातून पुण्याच्या संशोधनाचा इतिहास सुरू होतो, असे मी मानतो. पुढील सव्वाशे वर्षांत या शहरात आणि त्याच्या आसपास पोथ्यांचे, दप्तरांचे, शेतीच्या तुकड्यांचे, पावसाचे, कालव्यांचे, गाडलेल्या घरांचे आणि शब्दांचे संशोधन करणाऱ्या संस्था एकीमागून एक उभ्या राहिल्या, आणि वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु त्यांची कामे जवळून पाहिली असता असे ध्यानात येते की, एका पुराव्याचा दुसऱ्याशी ताळा घातल्यावाचून कोणतीही साक्ष मान्य करावयाची नाही, ही एकच शिस्त त्या सर्वांत आहे, आणि एका शास्त्रातील माणूस दुसऱ्या शास्त्रात हक्काने शिरलेला आहे.

याचा सर्वांत भव्य दाखला म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. सरकारने गावोगाव हिंडून जमविलेला आणि तोवर डेक्कन कॉलेजात असलेला हस्तलिखितांचा संग्रह त्या संस्थेकडे आला. आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे अभिवचन दिल्यावर १९१९ च्या एप्रिलात महाभारताच्या कामास आरंभ झाला. काम कोणते? शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या एकत्र करून, शतकानुशतके नकला होत असता मूळ संहितेत काय शिरले आणि काय गळले, याचा निर्णय करावयाचा. त्यासाठी केलेली योजना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक श्लोकास स्वतंत्र कागद. त्यावर रकाने आखलेले. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका घरात एक अक्षर असा उतरलेला. आणि खाली प्रत्येक पोथीस एक ओळ, तिच्यात ज्या ठिकाणी पाठ भिन्न असेल त्याच घरात तेवढे भिन्न अक्षर नोंदलेले. एका पोथीत अक्षर गळलेले असले की ते पाहताक्षणी दिसावे, आणि दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आढळली की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क करता यावा, अशी ही मांडणी होती. बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडील लिप्यांचे तंजावरास बसविले होते.

या कामास खरी दिशा लाभली ती १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यावर. ते केंब्रिजला गणित शिकलेले, आणि नंतर बर्लिनला जाऊन संस्कृत भाषाशास्त्राचे अध्ययन केलेले. गणिताचे ते शिक्षण वाया गेले नाही असे आदिपर्वाच्या त्यांच्या प्रस्तावनेचे कोणतेही पान वाचणाऱ्यास वाटल्यावाचून राहणार नाही. कारण पोथ्यांची कुळे पाडणे, स्वतंत्र साक्षीदार कोण आणि दुसऱ्याचे ऐकून बोलणारा कोण हे ओळखणे, आणि जेथे निर्णय खात्रीचा नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ ओढून तसे वाचकास उघड सांगणे, ही सारी त्या शिस्तीची फळे आहेत. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही कथा आपल्या घराघरांत आबालवृद्धांच्या तोंडी आहे. परंतु पोथ्यांची साक्ष तिच्या विरुद्ध पडली, म्हणून आदिपर्वाच्या सिद्ध संहितेतून ती काढून परिशिष्टात ठेवण्यात आली. गणेशाची आराधना करणाऱ्या नगरीत, गणेशाच्या भक्तांनीच हा निर्णय घेतला, आणि ती कथा नष्ट न करता जतनही केली, यात मला त्या विद्येची थोरवी दिसते. सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजी निवर्तले. त्यांच्यामागून बेलवलकर आणि त्यांच्यामागून प. ल. वैद्य यांनी ती धुरा पत्करली, आणि १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून १९ खंडांची ही आवृत्ती १९६६ साली, आरंभापासून ४७ वर्षांनी, पूर्णतेस गेली. संशोधनास तीन वर्षांची मुदत आणि दर सहामाहीस अहवाल अशी अट घालणाऱ्यांनी हा काळ विचारात घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. मुदतीचा बडगा त्या काळी असता तर आदिपर्वसुद्धा बाहेर पडते ना.

याच मंदिरात, पोथ्यांच्या कपाटांची राखण करीत, परशुराम कृष्ण गोडे नावाचे एक अभिरक्षक होते. देवरुखाकडून आलेल्या या गृहस्थांनी चारशेहून अधिक लेख लिहिले, आणि त्यांचे विषय पाहिले तर मन थक्क होते : शोभेची दारू, तंबाखू, चष्मा, रांगोळी, स्त्रियांची नथ. वैद्यकाच्या, पाकशास्त्राच्या, नीतीच्या पोथ्या हाताखालून जात असता एखाद्या वस्तूचा प्रथम उल्लेख कोठे सापडतो, त्या ग्रंथाचा काळ कोणता, आणि परकीय प्रवाशांच्या वृत्तांतांशी तो जुळतो की नाही, एवढेच ते सांगत, आणि थांबत. नथीचा उल्लेख प्राचीन वाङ्मयात आढळत नाही असे त्यांनी सांगितले तेव्हा पुष्कळांस वाईट वाटले असेल; परंतु राजवाड्याबरोबर माजघराचाही इतिहास असतो आणि तो पोथीच्या समासात सापडू शकतो, ही दृष्टी मराठी वाचकास ज्यांनी दिली त्यांत गोड्यांचे स्थान फार वरचे आहे.

आता पोथीकडून दप्तराकडे वळू. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इनामांच्या चौकशीसाठी त्याचे रुमाल सोडले जाऊ लागले. कोणाचे वतन खरे, कोणाची सनद बनावट, हे ठरविण्यापुरता सरकारास त्या कागदांचा उपयोग. एतद्देशीय अभ्यासकास तेथे सहजी मुभा नव्हती. अशा स्थितीत विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी खाजगी घराण्यांच्या माळ्यांवरील, फडताळांतील आणि देवघरांतील कागद शोधण्याचा मार्ग धरला, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड, १७५० ते १७६१ या पानिपतपूर्व व पानिपतच्या काळातील पत्रांचा, प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे २२ खंड झाले. कागद मिळविणे म्हणजे काय, हे ज्यांनी गावचे वाडे पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको. मालकास वाटावे, हा मनुष्य आपल्या इनामावर गदा आणावयास आला. कोणी सांगावे, कागद होते पण पावसाळ्यात भिजले. आणि जे हाती लागत ते कसरीने चाळणी केलेले, मोडीच्या धावत्या वळणातले, बहुधा वर्ष न घातलेले. चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना दिलेला, सालाचा पत्ता नाही. अशा पत्राचा काळ ठरविण्यासाठी राजवाडे त्यातील मुक्कामांची नावे, कोणाच्या मृत्यूचा ओझरता उल्लेख, सुहूरसन आणि तिथिवार यांचा मेळ घालीत. ते तापट होते, त्यांचे पुष्कळ सिद्धान्त पुढे टिकले नाहीत, आणि त्यांच्या काही व्युत्पत्त्या आज मान्य करता येत नाहीत. तरी कागद जसाच्या तसा छापावयाचा आणि आपले मत प्रस्तावनेत निराळे मांडावयाचे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही मोलाचा आहे. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पेशवे दप्तर मात्र खुले व्हावयास आणखी वीस वर्षे लागली. १९३० पासून रियासतकार सरदेसायांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग छापले, आणि त्यांच्या निवडीवरून व पद्धतीवरून पुण्याच्या मंडळींशी त्यांचा व इतिहासकार जदुनाथ सरकारांचा जो वाद जुंपला तो पुरता कधी मिटला नाही.

जुन्या नोंदींचा उपयोग लढायांच्या इतिहासापुरताच आहे अशी समजूत ज्याने मोडली तो मनुष्य शेतकी कॉलेजात होता. हॅरल्ड मॅन हे इंग्रज शास्त्रज्ञ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख; त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतले, आणि त्याच्या जमिनीचा, विहिरींचा, पिकांचा, कर्जाचा आणि घरोघरच्या जमाखर्चाचा तपशील १९१७ च्या ग्रंथात मांडला. पेशवाईतील नोंदींपासून आपल्या काळापर्यंत त्यांनी एका खातेदाराकडील सरासरी जमीन मोजून पाहिली : १७७१ मध्ये सुमारे ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७. वाटण्या होता होता शेताच्या चिंध्या कशा होतात हे त्याआधी सर्वांस तोंडी ठाऊक होते. आता ते आकड्यांत आले, आणि बैठकीतील गोष्ट विधिमंडळातील प्रश्न झाली. त्याच पिंपळे सौदागरात आज संगणकतज्ज्ञांची बहुमजली घरे उभी आहेत, आणि त्या मजल्यांखाली कोणाच्या किती वाटण्या झाल्या होत्या हे जाणावयाचे असेल तर मॅनचा ग्रंथच उघडावा लागतो.

या वाटेवर पुढे आलेली संस्था गोखले अर्थशास्त्र संस्था. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने ती १९३० साली निघाली, आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी आरंभी हाती घेतलेले विषय पाहा : पुण्याच्या बाजारातील फळांची विक्री, आणि सहा जिल्ह्यांतील मोटार-वाहतूक. अर्थशास्त्र म्हणजे लंडनच्या ग्रंथांतील सिद्धान्त पाठ करणे असा ग्रह असलेल्या काळी, बागाइतदाराच्या हातून निघालेले फळ गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो दलाल, अडत्या आणि फुटकळ विक्रेता यांच्या हाती किती पैसा राहतो हे मंडईत उभे राहून विचारणे, यास धैर्य लागते. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांनी पुढे केली. आणि दांडेकर व रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ चा अभ्यास याच वास्तूतून निघून साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय झाला.

निसर्गशास्त्रांचा विस्तार मला येथे थोडक्यात आवरावा लागतो. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक छोटी शाखा काढली, तीच वाढून खडकवासल्याचे जल व विद्युत् संशोधन केंद्र झाले, जेथे नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांना तरुणपणी सह्याद्रीच्या ओढ्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला होता, ते कलकत्त्याची प्राध्यापकी आटोपून परतले आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीस लागले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

वेधशाळेपाशी मात्र क्षणभर थांबले पाहिजे. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. त्या इमारतीस आणि तिच्यापुढील चौकास पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथे १९३२ साली एल. ए. रामदास यांच्याकडे शेतकी हवामानाचा विभाग आला. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून थंड होते, तेव्हा सर्वांत थंड हवा जमिनीस लगटून असली पाहिजे, असे ग्रंथ सांगत. रामदास आणि आत्मनाथन यांनी उघड्या जमिनीवर निरनिराळ्या उंचीला तापमापक लावून पाहिले, तो सर्वांत कमी उष्णतामान जमिनीपासून काही इंच वर आढळले. परदेशी तज्ज्ञांनी प्रथम त्यावर विश्वास ठेवला नाही, उपकरणातच दोष असावा असे म्हटले. परंतु पुढे इतर देशांतही तेच दिसून आले, आणि त्या हवेच्या थरास रामदासांचे नाव मिळाले. कोवळ्या रोपाचा शेंडा ज्या उंचीवर असतो तेथेच ही थंडी साठते, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शोध क्षुल्लक नव्हे.

येरवड्याच्या दगडी वास्तूवर मध्यंतरी वाईट दिवस आले. काटकसरीच्या नावाखाली सरकारने १९३४ साली डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी जिजीभाईंच्या देणगीच्या अटी पुढे करून न्यायालयात दाद मागितली. आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधनसंस्था या नव्या रूपाने पुन्हा उघडले. हसमुख सांकळिया आणि इरावती कर्वे हे दोघे त्याच वेळी तेथे आले, हा महाराष्ट्राचा भाग्ययोग. सांकळियांनी जोर्वे, नेवासे येथील पांढरी उकरून, मौर्य-सातवाहनांच्या मागे ज्या मुलखाचा इतिहास अंधारात होता त्यास ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची एक हजार वर्षे मिळवून दिली. घोडनदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननात तर घरांचे आराखडे, जवाचे दाणे, जनावरांची हाडे, माणसांचे दात, हे सर्व वनस्पतिज्ञ, प्राणिज्ञ आणि शरीरज्ञ यांच्या हाती वेगवेगळे गेले. घराच्या जमिनीखाली, दोन रांजणांची तोंडे एकमेकांस लावून त्यांत पुरलेली तान्ही मुले, आणि घोट्यापासून पावले तोडून पुरलेली प्रौढ माणसे, ही त्या लोकांची उत्तरक्रिया. तिचा हेतू सांगावयास एकही पोथी नाही. शेवटच्या काळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, यावरून पाऊसमान घटून त्या वस्तीस कसे दारिद्र्य आले याचे अनुमान करण्यात आले.

इरावतीबाई बर्लिनमध्ये मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन पंडिता झालेल्या. त्यांचे गुरू वंशश्रेष्ठतेच्या ज्या कल्पनेस पुरावा शोधीत होते, तो त्यांच्या आकड्यांत निघाला नाही, आणि त्यांनी तसे लिहून दिले. महाराष्ट्रात आल्यावर त्यांनी जातींच्या पोटभेदांची मोजणी केली, आप्तसंबंधांच्या परिभाषा साऱ्या देशातून जमविल्या, कोयना धरणाने उठलेल्या लोकांची पाहणी केली. आणि महाभारतातील व्यक्तींवरील ‘युगान्त’ लिहिताना आधारास घेतली ती भांडारकर मंदिराची संहिता. सुखटणकरांच्या रकान्यांतील अक्षरे अशा रीतीने कुंती-गांधारीपर्यंत पोहोचली.

आणि या सर्वांस एकत्र ओवणारा पुरुष कोण, असे विचाराल तर मी दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव घेईन. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले हे गणिती फर्ग्युसनमध्ये शिकवीत आणि पुढे डेक्कन क्वीनने मुंबईस टाटा संशोधनसंस्थेत जात. १९४४ साली आनुवंशिकीत जनुकांमधील अंतर काढण्याचे जे सूत्र त्यांनी दिले ते आजही त्यांच्या नावे चालते. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी काढली. आणि पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर काठी टेकीत हिंडून त्यांनी गारगोट्यांची सूक्ष्म अवजारे वेचली. परंतु मला सर्वांत मनोरम वाटते ते त्यांचे नाण्यांचे काम. चांदीची प्राचीन आहत नाणी सर्वांनी चिन्हे पाहून लावली होती. कोसंबींनी ती तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि एकाच काळी पाडलेली नाणी जितकी अधिक वर्षे चलनात राहतील तितके त्यांच्या वजनांत परस्पर अंतर वाढत जाते. हा नियम त्यांनी प्रथम आपल्या काळच्या चालू नाण्यांची वजने घेऊन पडताळला, मग तक्षशिलेच्या सापडलेल्या साठ्यांस लावला, आणि कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची याचा क्रम बसविला. पूर्वी पेढीवर सराफ हलके नाणे बोटांनी ओळखून बाजूस काढीत असे. त्याच झिजेतून मौर्यांच्या आधीच्या बाजाराची चाहूल घेता येईल हे गणित्यास सुचावे, पण मुद्राशास्त्रज्ञास सुचू नये, हे त्या काळच्या पुण्यात घडले.

डेक्कन कॉलेजातच १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील कोशाचा संकल्प केला. सुमारे दीड हजार ग्रंथ, वेदांपासून अश्ववैद्यकापर्यंत, वास्तुशास्त्रापासून गणितापर्यंत, शब्दागणिक वाचून प्रत्येक प्रयोगाची स्वतंत्र चिठ्ठी करावयाची. अशा चिठ्ठ्या भरल्या सुमारे एक कोटी. त्या लिहिणाऱ्यांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाहीत. बहुतेक पाठशाळेत शिकलेले शास्त्री, आणि त्यांतील कित्येकांच्या पूर्वजांनी रमण्यात दक्षिणा घेतली असेल. पहिला खंड बाहेर पडला तो १९७६ साली, अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली. त्यानंतर खंडामागून खंड निघत आहेत, आणि ते सारे अजून ‘अ’ या आद्याक्षरातील शब्दांत आहेत.